बिनकमानीचे रीळ

गळ टाकून मासे धरणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी आपल्याकडच्या सुशिक्षितांची समजूत आहे. कोकणात मात्र त्यासाठी ‘गरवणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. ज्या गोष्टीला भाषेने क्रियापद दिले, ती अगदीच रिकामपणाची नसावी! म्हणून कविता आणि समीक्षेच्या शेजारी मी रिळाविषयी लिहीत आहे, यावर वाचकांनी रागावू नये.

हल्ली मिळणाऱ्या लहान स्पिनिंग रिळावर तारेची एक अर्धगोल कमान असते. गळ फेकण्यापूर्वी ती उघडायची. आमिष पाण्यात पडले की मूठ फिरवायची. कमान खटकन मिटते आणि दोरी उचलून रोलरवर आणते. माझे स्पष्ट मत असे की, दोन-चार ग्रॅमचे आमिष फेकणाऱ्या हलक्या रिळाला ही कमान नकोच. तिचे काम तर्जनीने करावे.

यात नवे काही नाही. ब्रॅडफर्डचे गिरणीमालक अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली या जातीच्या रिळाचे पेटंट घेतले. बॉबिन न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटावे, तशी या रिळावरून दोरी सुटते. पूर्ण कमान आली ती पुढे १९३०च्या दशकात. म्हणजे कमान ही मागाहून आलेली सोय आहे. रिळाचा प्राण नव्हे.

आणि प्रत्येक सोयीची किंमत असते. कमानीची स्प्रिंग थकते. जोरात फेकताना कमान कधी मध्येच मिटते आणि बारीक दोरी तटकन तुटते. सैल दोरीवर मिटली तर ढिला वेढा बसतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. तुटलेले नायलॉन कुजत नाही. काठावरच्या बगळ्याच्या पायात ते अडकते. आपल्या खेळाचा दंड त्या पाखराने का भरावा?

बिनकमानीची रिळे बनतात ती मुख्यतः समुद्रकाठच्या मोठ्या माशांसाठी. लहान आकारात ती क्वचितच मिळतात. तेव्हा साधे रीळ घेऊन तार उतरवावी लागते, आणि खरी निवड इथेच आहे. पहिली गोष्ट, तार काढल्यावर रोटरचा तोल राहिला पाहिजे. नाहीतर मूठ फिरवताना सारे रीळ थरथरते. दुसरी, रोलरचा हात गुंडाळण्याच्या स्थितीत पक्का बसवता आला पाहिजे. तिसरी, रोलरला दोरी धरून ठेवील असा काठ हवा. चौथी, रोटर उलटा फिरवू देणारा खटका हवा, म्हणजे रोलर बोटाजवळ आणता येतो. अलीकडच्या कित्येक रिळांतून हा खटका काढून टाकला आहे, हे ध्यानात ठेवावे. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असले की हलक्या काठीला पुरे.

कोणी म्हणेल, आमिष पडताक्षणी मासा लागला तर बोट वेळेवर पोचेल काय? आणि अंधारात काय करायचे? आक्षेप खरा आहे. नवशिक्याला पहिले काही दिवस कमान बरी, हे मी मान्य करतो. पण आमिष बुडत असताना दोरी बोटावरून जात असली, तर माशाचा पहिला स्पर्श बोटालाच कळतो. बांबूची काठी घेऊन ओढ्यावर बसणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे शिकवावे लागत नाही.

आम्हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. तालुक्याच्या गावी रिळाची स्प्रिंग मिळत नाही, आणि ती मोडली की साठवलेल्या पैशांचे रीळ माळ्यावर जाते. जे यंत्रात नाही ते मोडतही नाही. दुकानदार बॉल बेअरिंगांची संख्या सांगेल, झिलई दाखवील. आपण मात्र रीळ काठीला लावून हातात धरावे आणि तर्जनी सरळ करून ती चरखीच्या काठाला पोचते की नाही, एवढे पाहावे. पोचत नसेल, तर ते रीळ कितीही चकचकीत असले तरी आपले नव्हे.