पाण्यावर पडून राहणे
न्यू जर्सीतील स्काउटांच्या उन्हाळी शिबिरात नऊ वर्षांच्या नातवाची पोहण्याची परीक्षा होती. “आजी, तू फक्त बघ!” म्हणत त्याने खोल पाण्यात उडी घेतली. सलग १०० यार्ड पोहायचे. ७५ जोमाने, उरलेले २५ पाठीवर संथपणे, अखेरीस जवळजवळ निश्चल तरंगायचे. पाऊणशे यार्ड त्याने लीलया कापले. उताणा होताच मात्र हातपाय झाडू लागला, नाकात पाणी गेले, त्याने काठ धरला. खोल पाण्याची अनुमती हुकली.

परतताना तो गप्प होता. मीच सांगितले, कृष्णेत आम्ही सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो, आणि नुसतेच तरंगत राहिल्याबद्दल बोलणीही खाल्ली.

रात्री पाहते तो स्वारी अंथरुणावर उताणी, हातपाय सैल. “आजी, भोपळा नसला तर कसं गं पडून राहायचं?”