चहाच्या मळ्यांतील पाहुणचार

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं थंड हवेच्या ठिकाणांविषयीं विचारणा करणारीं पत्रें आमच्याकडे येऊं लागतात. वडील माणसांस मानवेल, मुलांस आवडेल आणि जेवणाखाणाची आबाळ होणार नाहीं असें एखादें ठिकाण सुचवावें, हा बहुतेक पत्रांचा सारांश असतो. हॉटेलांची जंत्री देणें हें या सदराचें काम नव्हे. परंतु अलीकडे प्रवासी कुटुंबांसाठीं एक निराळी सोय झाली आहे, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. ही सोय म्हणजे डोंगरांतील शेतकऱ्याच्या राहत्या घरांत, ठरलेले पैसे देऊन, पाहुणा म्हणून उतरणें. हिला सर्वत्र 'होमस्टे' म्हणतात, आणि हिमाचल प्रदेशाच्या सरकारनें तर २००८ सालीं यासाठीं स्वतंत्र योजनाच केली. गेल्या वैशाखांत आम्ही उभयतां कांगडा खोऱ्यांत, पालमपूरजवळच्या एका चहाच्या मळ्यांत, अशाच एका घरीं पांच दिवस राहून आलों.

चहाचा मळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आसाम किंवा दार्जिलिंग उभें राहतें. कांगड्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नसतें. वस्तुतः हा चहा पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे. १८४९ सालीं सहारणपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक डॉक्टर जेम्सन यांनीं चिनी जातीचीं रोपें या खोऱ्यांत आणून लावलीं. धौलाधार पर्वताच्या पायथ्याची उतरती जमीन, भरपूर पाऊस आणि पाणी न साचणारी माती त्या रोपांस मानवली. पुढें इंग्रज मळेवाल्यांनीं येथें कारखाने काढले आणि कांगड्याचा चहा परदेशच्या प्रदर्शनांत पदकें मिळवूं लागला. येथील हिरवा चहा अमृतसरच्या बाजारांतून काश्मीर आणि अफगाणिस्तानापर्यंत जात असे.

४ एप्रिल १९०५ रोजीं पहांटे या खोऱ्यांत भयंकर भूकंप झाला. सुमारें वीस हजार माणसें मेलीं, कारखाने जमीनदोस्त झाले, आणि बहुतेक गोरे मळेवाले मिळेल त्या किंमतीस मळे विकून निघून गेले. ते मळे स्थानिक लोकांनीं घेतले, आणि पिढ्यानुपिढ्यांच्या वांटण्यांनीं त्यांचे लहान लहान तुकडे झाले. म्हणून आसामांत जसे शेंकडों एकरांचे मळे, तसे येथें क्वचितच. येथें बहुतेक मळे हे एकेका कुटुंबाचे, एक दोन हेक्टरांचे किंवा त्याहूनही लहान असतात. कांगड्याच्या चहास २००५ सालीं भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें, २०२३ सालीं युरोपीय संघानेंही तें मान्य केलें. परंतु मान मिळाला म्हणजे पोट भरतें असें नाहीं, हें आपणां शिक्षकवर्गास सांगावयास नको.

आमच्या यजमानांचें घर मातीच्या जाड भिंतींचें, वर पाथरांचें म्हणजे पाटीच्या दगडाचें छप्पर असलेलें असें आहे. ओसरीवर बसलें कीं समोर धौलाधारचीं हिमशिखरें आणि पायांखालीं कंबरेइतक्या उंचीच्या झुडपांचे हिरवे गालिचे. हीं झुडपें छाटलीं नाहींत तर त्यांचे वृक्ष होतात. दर हिंवाळ्यांत छाटणी करून त्यांस हाताच्या टप्प्यांत ठेवावें लागतें. वर्षांतला पहिला, सर्वांत सुगंधी खुडा चैत्र-वैशाखांत निघतो. सकाळीं पाठीवर टोपल्या घेऊन बायका येत आणि दोन कोंवळीं पानें व मधली कळी एवढेंच बोटांच्या चिमटींत धरून खुडीत. ती पानें रात्रभर जाळीवर पसरून सुकवावयाचीं, मग यंत्रांत वळावयाचीं, ओलसर हवेंत कांहीं वेळ ठेवून तांबूस होऊं द्यावयाचीं आणि शेवटीं गरम हवेंत वाळवावयाचीं. सुमारें साडेचार किलो हिरव्या पानांपासून एक किलो चहा होतो. आपल्या घरीं जो रोज दूध-साखरेंत उकळला जातो त्याच्यामागें इतके हात असतात, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. तो चहा आपल्या चहासारखा उकळावयाचा नसतो. कढत पाण्यांत तीन चार मिनिटें ठेवून गाळावयाचा. रंग फिका, पण वास असा कीं पेला ठेवल्यावरही हातास राहतो.

जेवणाविषयींची शंका आमच्या वाचकांच्या मनांत येईल, तिचें निरसन आधींच करतों. आम्ही राहिलों त्या घरीं राजमा, उडदाची डाळ, भात, पोळी आणि दह्यांत शिजविलेला हरभऱ्याचा 'मदरा' असें साधें सात्त्विक अन्न मिळालें. या खोऱ्यांत मंगलकार्याचें जेवण, ज्यास 'धाम' म्हणतात, तें रांधण्याचा मान परंपरेनें 'बोटी' नांवाच्या ब्राह्मण आचाऱ्यांकडे आहे. पंगत जमिनीवर बसते, वाढप पत्रावळीवर होतें. आमच्या कुटुंबास पंगत पाहून कोंकणांतल्या माहेराची आठवण झाली.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. यजमान सत्तरीच्या पुढचे, मुलगा चंदीगडास नोकरीस, आणि घरीं सासूसासरे व सून. मुलाच्या लग्नाच्या वेळीं बांधलेल्या दोन खोल्या रिकाम्या राहत, तेव्हां त्यांत पाहुणे ठेवावे अशी कल्पना सुनेनें काढली. सासऱ्यांनीं ती दोन वर्षें उडवून लावली. "मास्टरजी, घरीं आलेल्याच्या ताटाचा हिशेब लिहावयाचा, हें माझ्या बापानें ऐकलें असतें तर काय म्हटलें असतें?" असें ते आम्हांस म्हणाले. त्यांच्या या बोलण्यांत केवळ अभिमान नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आपद्धर्म सांगतांना, विकूं नयेत अशा वस्तूंत शिजविलेल्या अन्नाची गणना केली आहे. त्यांस तो श्लोक ठाऊक नव्हता. पण आचार ठाऊक होता.

मग एका वर्षीं खुडणीस माणसें वेळेवर मिळालीं नाहींत आणि पानें झुडपांवरच जून झालीं. मजूर शहरांकडे व इतर कामांकडे जातात, ही त्या खोऱ्यांतील सर्वच लहान मळ्यांची अडचण आहे. खालच्या ताटव्याची खुडणी सोडून द्यावी लागली. तीन वर्षांत झुडपें माथ्यावर गेलीं आणि मध्यें झुडुपांचें रान माजलें. कायद्यानें तेथील चहाच्या जमिनीस कमाल धारणेंतून सूट आहे, आणि त्याच कारणानें ती वाटेल तशी दुसऱ्या कामास लावतां येत नाहीं. म्हणजे चहा न झाल्यास त्या जमिनीचें रानच व्हावयाचें. सुनेनें एका कागदावर खुडणीची मजुरी, खत, छाटणी आणि कारखान्यांतून मिळणारा पानांचा भाव असे आंकडे मांडून तो कागद सासऱ्यांच्या चष्म्याशेजारीं ठेवला. त्यांनीं तो दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशीं ते म्हणाले, "खोलीचे घे. जेवणाचे घे. पण या घरीं चहाचे पैसे कोणाकडून घ्यावयाचे नाहींत."

तेव्हांपासून तसेंच चाललें आहे. पाहुण्यांची वही सुनेच्या हातीं असते. तींत खोलीचा रकाना आहे, जेवणाचा आहे, चहाचा नाहीं. आम्ही पांच दिवसांत किती पेले घेतले असतील, देव जाणे! आणि खोल्यांच्या उत्पन्नांतून खालचा ताटवा पुन्हा छाटून घेतला आहे. यंदा त्यावर प्रथमच कोंवळीं पानें आलीं. यजमानांनीं तो ताटवा आम्हांस हात धरून दाखविला.

एके संध्याकाळीं आमच्या कुटुंबानें त्या सुनेस विचारलें, "बेटी, परक्या माणसांचें इतकें करतांना शीण येत नाहीं का?" ती म्हणाली, "माताजी, पाहुणे पूर्वींही येतच होते. काम तेंच होतें. आतां महिन्याच्या शेवटीं तें वहींत दिसतें, एवढेंच." त्यावर आमचें कुटुंब बराच वेळ कांहीं बोललें नाहीं. मग आम्हांस म्हणालें, "आपल्या घरीं मे महिन्यांत वीस वीस पानें उठत. त्यांचा हिशेब मागितला नाहीं तें बरेंच केलें; पण तें कोणी केलें, एवढें तरी कोठें लिहून ठेवावयास हवें होतें." एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या वाचकांनीं या वाक्याचा विचार करावा. पाहुणचाराचें पुण्य घराच्या नांवावर जमा होतें आणि श्रम मात्र दोन तीन जणींच्या अंगावर पडतात, ही गोष्ट पुष्कळ घरांत आजही खरी आहे.

राहिला प्रश्न धर्माचा. पैसे घेतले म्हणजे अतिथ्य संपलें काय? ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आपण शिकलों. एक रात्र राहणारा तो अतिथि, असें मनूनेंही तिसऱ्या अध्यायांत म्हटलें आहे. तारीख ठरवून, आगाऊ रक्कम भरून पांच दिवस राहणारे आम्ही या दोन्ही कसोट्यांस उतरत नाहीं. तेव्हां अतिथीचा हक्क आम्ही सांगूं नये हें उत्तम. पण यजमानास यजमान राहण्याचा हक्क आहेच, आणि तो त्या वृद्धानें चहाच्या पेल्यापुरता राखून ठेवला आहे. खाण्यापिण्याचे निर्बंध काळाबरोबर बदलतात हें आपणां महाराष्ट्रीयांस वेगळें सांगावयास नको. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि टिळक-रानड्यांसारख्यांसही प्रायश्चित्ताच्या वादांत पडावें लागलें! तोच चहा आज प्रत्येक ब्राह्मणाच्या घरीं देवपूजेच्या आधीं होतो. नियम गेला, पण आलेल्यास कांहीं तरी आपलें म्हणून द्यावें, ही बुद्धि गेली नाहीं. ती आहे तोंवर वहीमुळें घर बाटत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं चैत्र ते ज्येष्ठाचा आरंभ किंवा आश्विन-कार्तिक हा काळ धरावा; श्रावण-भाद्रपदांत तेथें पाऊस फार आणि दरडी कोसळतात. पठाणकोटपर्यंत आगगाडीनें व पुढें मोटारीनें जावें. जवळच बैजनाथाचें पुरातन शिवालय आहे. तेथील शारदा लिपींतील संस्कृत शिलालेख संस्कृतज्ञांनीं अवश्य पाहावे. उतरण्यापूर्वीं माणसें किती, पथ्यें कोणतीं, दर काय, हें आधींच विचारून घ्यावें आणि निघतांना घासाघीस करूं नये. मुलांस मळ्यांत पानें तोडूं देऊं नयेत. तें त्यांचें पीक आहे. खुडणीच्या दिवसांत घरच्या बायकांस वेळीं अवेळीं हांका मारूं नयेत, आपलें ताट आपण उचलावें. चहा विकत घ्यावयाचा तो बाजारांतून न घेता त्याच घरून घ्यावा. आणि परत आल्यावर त्या घरीं पोंहोंचल्याची खुशाली चार ओळींनीं कळवावी. पत्त्यावर सासऱ्यांबरोबर सुनेचेंही नांव घालावें.