आधी कमांड, मग कार्गो

एटीआर उडवणाऱ्या वैमानिकांपुढे सध्या एक प्रश्न वारंवार उभा राहतो: प्रादेशिक कंपनी सोडून कार्गोत जावे का? गोंदियाच्या बिरसी विमानतळावर किंवा चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर उड्डाण शिकायचे, तर घरचे शेत नाहीतर कर्ज पणाला लागते. मूल-सिंदेवाहीकडच्या अशा घरांसाठी हा केवळ नोकरी बदलण्याचा प्रश्न नसतो. आमचे मत स्पष्ट आहे: कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्यावर जा, ती तोंडावर आली असताना सोडून जाऊ नका.

प्रादेशिक मार्गावर दिवसाला चार-सहा लँडिंग होतात. आखूड धावपट्टी, पावसाळी ढग आणि हाताने विमान उतरवण्याची सवय यांतून कॅप्टन घडतो. एटीआर-72 चे कमाल वजन सुमारे 23 टन, तर ब्लू डार्ट या मालवाहू कंपनीच्या बोइंग 757 चे त्याच्या जवळपास पाचपट. या आकड्याचा मोह पडतो. पण सहवैमानिक म्हणून तिथे गेलात तर ज्येष्ठतेच्या यादीत पुन्हा तळापासून सुरुवात होते. पुढे कुठेही अर्ज करा, लॉगबुकात आधी पाहिले जातात ते कमांडचे, म्हणजे पीआयसी तास.

याला एक अपवाद आहे. कंपनीच डळमळत असेल, तर कमांडची वाट पाहत बसू नये. नांदेड, जळगाव, कोल्हापूर जोडणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे 2022 च्या फेब्रुवारीत थांबली. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियात आलेली फ्लायबिगची सेवाही टिकली नाही. पगार लांबू लागला, सुट्या भागांअभावी विमाने उभी राहू लागली, की हालचाल सुरू करा. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे नोटिशीची मुदत कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने आहे. उशिरा जागे होणाऱ्याला ती फार जड जाते.

मात्र कार्गो म्हणजे हमखास स्थैर्य, असेही समजू नका. नागपूरला केंद्र करून 2009 मध्ये सुरू झालेली कॅप्टन गोपीनाथांची डेक्कन 360 दोन वर्षांतच बंद पडली. म्हणून ज्या कंपनीत जाणार, तिचा माल कोणाचा, करार किती वर्षांचा आणि विमाने किती, हे आधी विचारा. सगळी भिस्त एकाच ग्राहकावर असेल, तर तो गेला की नोकरीही गेली.

सर्वांत मोठा हिशेब रात्रीचा आहे. 1949 मध्ये रात्रीच्या टपालसेवेची डाकोटा विमाने चार महानगरांतून मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि थैल्या बदलून परतत. कुरियरच्या धंद्याची घडी आजही तशीच आहे. पहाटे दोन ते सहा हा शरीर सर्वाधिक मंदावण्याचा काळ, आणि नेमक्या त्याच वेळी उतरायचे असते. 14 ऑगस्ट 2013 रोजी अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएसचे एअरबस ए-300 पहाटेच्या अंधारात कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत थकव्याचाही वाटा नोंदवला गेला. तरीही अमेरिकेने 2014 पासून लागू केलेल्या नव्या विश्रांतिनियमांतून मालवाहू कंपन्या वगळलेल्याच राहिल्या. असा भेद आपल्याकडे कधीही शिरू देता कामा नये. थकवा मागे प्रवासी बसले आहेत की खोकी, हे पाहून येत नाही.

म्हणून मुलाखतीत पगाराआधी रोस्टर मागा. सलग किती रात्री, त्यानंतर किती सुटी, टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा आणि बाँड किती वर्षांचा, हे लेखी घ्या. घरच्यांशीही बोला. ब्लू डार्टचा तळ असलेल्या चेन्नईहून बल्लारशाला थेट रेल्वे आहे, पण दिवसा झोपणाऱ्या माणसाचे घर सगळ्यांनाच सांभाळावे लागते.

हे सारे जुळत असेल आणि कमांड खात्यात असेल, तर निःशंक जा. मालवाहू वैमानिक हा दुय्यम वैमानिक नाही. औषधांच्या पेट्या रातोरात पोहोचवणाऱ्या या कामाला तेवढीच शिस्त लागते आणि तेवढाच मान मिळायला हवा.