अभ्यासिकेतला सारखेपणा

मेंदूची घडण वेगळी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका बदला म्हटले, की महाविद्यालयांतून उत्तर येते : ‘खोली एक, टेबले सारखी, नियम सर्वांना एकच. यात अन्याय कुठे?’

अन्याय त्या सारखेपणातच आहे. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते जाणवतही नाही. काही स्वमग्न विद्यार्थी मात्र त्या उजेडाने आणि चोकच्या गुणगुणीने हैराण होतात. फरशीवर ओढलेली लोखंडी खुर्ची, खडखडणारा पंखा, पाठीमागे सतत उघडणारे दार : शेजारचा हे विसरून वाचत राहतो, यांना विसरता येत नाही. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या अनेकांचे लक्ष पाय हलवत राहिले तर अधिक टिकते. त्यांना ‘नीट बस’ असे दरडावले जाते.

हे लाड आहेत, हा दुसरा आक्षेप. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, आणि वाजवी सोय नाकारणे हा या कायद्याने भेदभाव ठरतो. हक्काला लाड म्हणू नये.

‘मग एक वेगळी खोली देऊ’ हे सद्भावनेने सुचवले जाते. मला तेही मान्य नाही. त्या खोलीची किल्ली प्रमाणपत्र दाखवून मिळणार. एडीएचडीचे तर कायद्याच्या यादीत नावच नाही, आणि कितीतरी मुलांचे निदान झालेलेच नसते. ज्यांचे झाले आहे, त्यांनी तरी रोज सर्वांदेखत उठून त्या दारातून का जावे? राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सुगम्यता आणि वाजवी सोय यांतला भेद स्पष्ट केला : सुगम्यता कुणी मागण्याआधीच हवी, वाजवी सोय त्यानंतर व्यक्तीच्या गरजेप्रमाणे.

म्हणून मुख्य दालनच बदलावे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, न लुकलुकणारे एलईडी दिवे, आवाज शोषणारे जाड पडदे. काही जागा भिंतीला पाठ लावून बसता येईल अशा, काहींना स्वतःच्या बटणाचा दिवा. उभ्याने वाचायला एक उंच टेबल. कुजबुजीला वेगळा भाग, पूर्ण शांततेला वेगळा, आणि कोणता कुठे आहे याचा नकाशा दारावरच. यातले बरेचसे दुरुस्तीच्या नेहमीच्या खर्चात बसते. ब्रिटनच्या मानक संस्थेने तर इमारतींच्या अशा रचनेची मार्गदर्शिका 2022 मध्येच काढली आहे.

प्राचार्यांना विनंती एवढीच : पुढचे फर्निचर मागवण्याआधी, जी मुले अभ्यासिकेत येणे सोडून देतात त्यांना एकदा विचारा, तुम्हाला तिथून उठावे का लागले?