मूत्रपिंडाचा रुग्ण हृदयाने मरतो आणि आपण यंत्रे मोजतो

डायलिसिस यंत्रांची संख्या वाढली की आपल्याकडे ती मूत्रपिंडरोगावरील प्रगती म्हणून छापली जाते. २०१६ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेली, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्या यंत्रापर्यंत न पोहोचणाऱ्यांचा आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या बहुसंख्य रुग्णांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधीच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाचे अकस्मात थांबणे त्यांना गाठते. दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिले जाते आणि मूत्रपिंड निर्दोष सुटते.

यात योगायोग नाही. मीठ आणि पाणी शरीरात साचते, रक्तदाब चढतो, डावा जवनिका-कप्पा जाड होत जातो. फॉस्फेट वाढले की धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते आणि त्या ताठर होतात. एरिथ्रोपोएटिन घटल्याने रक्तक्षय होतो, म्हणजे आधीच दमलेल्या हृदयाला आणखी काम. हे सारे डायलिसिसच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते. लघवीतील अल्ब्युमिन त्याची सूचना लवकर देते. रक्तातील क्रिएटिनिन मात्र मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेली तरी ‘नॉर्मल’ दिसू शकते.

वेळेचे महत्त्व स्टॅटिनच्या चाचण्यांनी निष्ठुरपणे दाखवले आहे. डायलिसिसवरील रुग्णांना स्टॅटिन देणाऱ्या ‘४-डी’ (२००५) आणि ‘अरोरा’ (२००९) या दोन्ही चाचण्यांत ठोस लाभ दिसला नाही. उलट ‘शार्प’मध्ये (२०११) सुमारे नऊ हजार रुग्ण होते, त्यांतले बहुतेक अजून डायलिसिसवर नव्हते; तेथे धमनीकाठिण्यामुळे होणाऱ्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या. यंत्राशेजारी उभे राहून हृदय वाचवू पाहणारी व्यवस्था उशिरा आलेली असते, असे मी म्हणतो ते यासाठी.

मग २०२० साली ‘डापा-सीकेडी’ आली. ४,३०४ रुग्ण, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांना मधुमेह नव्हता. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या गटात कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी. त्याच वर्षी भारतात या औषधाच्या मूळ रेणूचे पेटंट संपले आणि स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हा औषधवर्ग अत्यावश्यक यादीत घेतला. इतके जुळून आलेले असताना ‘किडनी नाजूक आहे, जास्त औषधे नकोत’ हा सल्ला अजून ऐकू येतो. उपचाराच्या सुरुवातीला गाळणक्षमता किंचित उतरते, ती अपेक्षितच असते. पण अहवाल पाहून घाबरून गोळी बंद केली जाते. सावधगिरीच्या नावाने रुग्णाला संरक्षणापासून वंचित ठेवणे मला तरी सावधगिरी वाटत नाही. (सांधेदुखीसाठी चिठ्ठीविना मिळणाऱ्या डायक्लोफेनॅकबद्दल हीच नाजूकता कोणाला आठवत नाही.)

दुसऱ्या टोकाला स्टेंटचा मोह. प्रगत मूत्रपिंडविकार आणि स्थिर हृदयधमनीविकार असलेल्या ७७७ जणांवरील ‘इस्केमिया-सीकेडी’ चाचणीत (२०२०) आधी अँजिओग्राफी व गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास या मार्गाने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. झटका येऊन गेलेल्याला हा निष्कर्ष लावू नये. पण स्थिर रुग्णाला मोठ्या खर्चात ढकलण्यापूर्वी तो वाचावा.

मिठाबाबत एक इशारा. भारतीयांचे सरासरी मीठ दिवसाला सुमारे आठ ग्रॅम, मर्यादा पाच. म्हणून ‘लो-सोडियम’ मिठाची जाहिरात जोरात आहे. त्यात पोटॅशियम असते आणि क्षीण मूत्रपिंडाला तेच घातक ठरून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाने मीठच कमी करावे, पर्याय शोधू नये.

आपल्या तीस वर्षांवरील लोकसंख्येच्या तपासणी मोहिमेचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांवर आहे. ज्यांना त्यात रक्तदाब किंवा मधुमेह आढळतो, त्यांची लघवीतील अल्ब्युमिनची चाचणी तिथल्या तिथे का होऊ नये? आणि प्रत्येक प्रयोगशाळेने क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी अंदाजित गाळणक्षमता छापावी. त्यासाठी वय, लिंग आणि एक सूत्र लागते. नवे यंत्र लागत नाही, उद्घाटनाची फीतही नाही. कदाचित म्हणूनच ते राहून गेले असावे.