हुकलेल्या वेळांची वही

वारणाकाठाला जमिनीचा हादरा नवा नाही. फडताळातली भांडी किणकिणली, की कोडोलीतली जाणती माणसे बातम्यांची वाट बघत नाहीत. "कोयना हलली," म्हणतात आणि कामाला लागतात. धरणातले पाणी आणि जमिनीखालची हालचाल यांचा संबंध आता आपण इतका गृहीत धरतो की कुणाला तरी तो शोधून काढावा लागला होता, हे आपल्या लक्षातही येत नाही.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आम्ही 'नियम कसे सापडतात' असा ठेवला. लेख मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेकांनी एकच विचारला: कसले नियम, वाहतुकीचे? नव्हे. खडकाचे, नाण्यांचे, पावसाचे, उसाच्या रसाचे. हे कुणी घालून दिलेले नसतात, तरी ते पाळले जातात. ते माणसाच्या हाती कसे लागतात, हे आम्हाला बघायचे होते. सुरुवात आपल्याच खोऱ्यापासून करू.

१९६२ मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लवकरच आसपासच्या गावांना हादरे जाणवू लागले. दख्खनचा पत्थर अढळ, इथे कसला भूकंप, असे तोवर जाणकारही धरून चालले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे गेली. मग वाद पेटला. एका बाजूचे म्हणणे, धरणाने केले. दुसरी बाजू म्हणे, योगायोग.

एका धरणावरून हा वाद सुटणारा नव्हता, कारण एकदा घडलेल्या गोष्टीला नियम म्हणता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी जगभरची धरणे धुंडाळली. चीनमध्ये शिनफेंगच्यांग १९६२, आफ्रिकेत करिबा १९६३, ग्रीसमध्ये क्रेमास्ता १९६६: सगळीकडे मोठा जलाशय भरला आणि सहाच्या वरचा भूकंप झाला. चौथी आपली कोयना. १९७६ मध्ये या दोघांचे धरणे आणि भूकंप या विषयावरचे पुस्तक आले. पण आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे कंटाळवाणे काम. धरणाच्या पातळीची नोंदवही आणि भूकंपमापकांची यादी शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे ताडून पाहण्याचे. त्यातून १९८३ मध्ये गुप्तांनी एक अट मांडली: कोयनेत पाचच्या वरचा भूकंप व्हायचा, तर त्याआधी पाणी आठवड्याला बारा मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने चढलेले असते. आणि त्याच दमात हेही सांगितले, की पाणी तसे चढले म्हणजे भूकंप होतोच असे नाही.

हे दुसरे वाक्य आम्हाला पहिल्याहून मोठे वाटते. नियम कुठे चालत नाही, हे ज्याने शोधले त्यानेच सांगून टाकले. देशात मोठी धरणे हजारो आहेत, त्यातली बहुतेक गप्प आहेत. धरण ताण निर्माण करत नाही. तो खडकात आधीपासून साठलेला असतो. वरच्या पाण्याचे वजन आणि भेगांतून खोल मुरलेल्या पाण्याचा दाब, यांनी तो सुटायला निमित्त मिळते. पाणी मुरायला वेळ लागतो म्हणून पावसाळा सरल्यावर, कधी ऐन थंडीत जमीन हलते. आणि जिथे ताणच नाही तिथे कितीही पाणी साठवा, काही होत नाही.

नियमाची परीक्षा आपल्याच नदीने घेतली. चांदोलीचे वारणा धरण १९८५ पासून भरू लागले. सुरुवातीला विशेष काही घडले नाही. १९९३ च्या पावसाळ्यात मात्र पाणी आठवड्याला सोळा मीटरहून अधिक वेगाने चढले आणि वारणेच्या बाजूला हादऱ्यांची रांग लागली, त्यात पाचच्या घरातलेही होते. कोयनेवर शोधलेली अट शेजारच्या खोऱ्यात खरी उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मात्र तिथे हा हिशेब लागू पडतो का यावर बराच वाद झाला. तो वाद झाला हे चांगलेच झाले. एका ठिकाणी जमलेली किल्ली दिसेल त्या कुलपाला लावून बघण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाही.

हे काम फक्त खडकातच चालते असे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती माणूस. १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मलेले, हार्वर्डला शिकून पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे. तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. अभ्यासक ठशांचे अर्थ लावण्यात गुंतलेले असताना कोसंबींनी तराजू काढला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एका नाण्यावरून काही कळत नाही, पण पुष्कळ नाणी तोलली तर सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते आणि नाण्यानाण्यांतली तफावत वाढत जाते. मागच्या बाजूला जितके ठसे अधिक, तितके नाणे हलके, हेही त्यांना दिसले.

यात आम्हाला भावते ती एक खबरदारी. प्राचीन नाण्यांना हा हिशेब लावण्याआधी त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणी तोलून पाहिली. त्यांच्यावर साल छापलेले, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक. नियम तिथे चुकला असता तर लगेच कळले असते.

याच माणसाने १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही ते त्यांच्या नावाने वापरतात. त्यातल्या कितींना हे कोसंबी म्हणजे भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे आणि भारताचा इतिहास नव्याने मांडणारे कोसंबी, हे ठाऊक असेल? आणि आपल्या इतिहासाच्या वर्गात त्या सूत्राचे नाव कोण काढतो? विषयांच्या भिंती आपण घातल्या आहेत.

त्यांचे एक अपयशही सांगायला हवे, नाहीतर ही आरती व्हायची. १८५९ पासून न सुटलेले रीमानचे मूळ संख्यांविषयीचे कोडे आपण संख्याशास्त्राच्या वाटेने सोडवले, असा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला. लेख छापला तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि त्यांच्या नावाला जबर धक्का बसला. नाण्यांसाठी चोख ठरलेली वाट मूळ संख्यांपाशी अपुरी पडली. नाणी कितीही तोला, आणखी एक तोलायला उरतेच, म्हणून तिथे 'बहुधा' चालते. गणितातल्या सिद्धतेला 'बहुधा' चालत नाही.

आता कोल्हापूरकडे. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, १९३८ चे. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या विश्वरचनेच्या कामावर अंकात वेगळा लेख आहे; इथे आठवण काढायची ती २००८ मधल्या एका साध्या प्रयोगाची. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या: शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि कुठली कुणाची ते सांगायला लावायचे. नाणे उडवून सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर यावीत. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, सरासरी आली ४६ टक्के. उत्तरांचा कोड प्रयोग करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हता, तो पुणे विद्यापीठात बंद होता. कुंटे त्याच विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागाचे. हा विभाग उभा केला व. शं. हुजूरबाजार यांनी, तेही कोल्हापूरचेच, आणि नारळीकरांचे मामा.

या प्रयोगावर त्या वेळी खूप आरडाओरड झाली. आम्हाला त्यातून एवढेच दिसते: ज्योतिषाची जमलेली भाकिते घरोघर सांगितली जातात, हुकलेली कुठल्याच वहीत नसतात. या चौघांनी तशी एक वही केली.

गुऱ्हाळावरच्या गुळव्याला ही वही लागत नाही. काहिलीतला रस उकळून घट्ट होत आला की तो थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि "उतरवा" म्हणतो. गूळ संशोधन केंद्रातला तापमापक तेव्हा सुमारे ११८ अंश दाखवतो. गुळव्याने तापमापक पाहिलेला नसेल, पण त्याचा अंदाज चुकला तर ढेप त्याच दिवशी बसत नाही किंवा काळवंडते, आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव पडतो. चूक इतक्या लवकर अंगावर येते, म्हणून त्याचा नियम पक्का होत जातो. पंचांगातल्या पावसाचे तसे नाही. मृग नक्षत्राचे वाहन बेडूक म्हणून पाऊस चांगला, तरण्याचे गाढव म्हणून बेताचा, असे दरवर्षी वाचतो. वर्ष सरले की काय ठरले होते हे कुणाला आठवत नाही.

म्हणून एक ठरवले आहे. पुढच्या मृगापासून हस्तापर्यंत कोडोली आणि आसपासच्या गावांत रोज पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचा, आणि शेजारच्या रकान्यात पंचांगाने दिलेले नक्षत्राचे वाहन. पुढच्या दिवाळी अंकात नऊही नक्षत्रांचा तक्ता छापू, जमलेले आणि हुकलेले दोन्ही. पंचांग खरे ठरले तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत. पर्जन्यमापक घरी करायची रीत शेवटच्या पानावर दिली आहे. शाळांनी तीन-चारजणांचा गट करावा, म्हणजे सुट्टीत खाडा पडणार नाही. ज्या दिवशी मोजायचे राहिले त्या दिवशी शून्य न लिहिता रकाना कोरा ठेवावा.