घरचा संगणक : आधी सामान बाहेर, मग रंगकाम

मैत्रिणींनो, घरातला जुना संगणक चांगला चालतो आहे, पण दुकानदार म्हणतो, ‘आता हा काढून टाका, नवा घ्या.’ अशी तक्रार हल्ली बऱ्याच जणींकडून ऐकू येते. दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य आहेच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर चढत नाही. पण म्हणून धडधाकट यंत्र भंगारात द्यायचं का?

त्याची गरज नाही. संगणकाचा सारा कारभार सांभाळणारी दुसरी प्रणाली त्यावर बसवता येते. लिनक्स मिंट ही त्यातलीच एक. ती फुकट मिळते आणि तिची घडण कुणालाही उघडून पाहता येते. २००६ साली सुरू झालेल्या मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, बरं का! पहिली आडा, आणि जुलै २०२४ मध्ये आलेली बाविसावी विल्मा. या बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. यंत्र ६४ बिटचं हवं, रॅम किमान २ जीबी, ४ असली तर उत्तम, आणि डिस्कवर २० जीबी जागा.

बसवताना मात्र मध्येच कुठेतरी अडतं, आणि मग घरात ज्याच्या त्याच्या सूचना सुरू होतात. अशा वेळी एकच पाहायचं : गाडी नेमकी कुठल्या पायरीवर थांबली?

पहिली पायरी पेनड्राइव्हची. मिंटची फाइल उतरवून ती नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली, तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. डब्यात तांदूळ भरले म्हणजे भात झाला का? एचर किंवा रूफस अशा प्रोग्रॅमने ती फाइल पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या. फाइल अर्धवट उतरली असेल तरी पुढे सगळं बिघडतं. म्हणून पेनड्राइव्हवरून सुरू करताना जी यादी दिसते, तिच्यातली फाइल तपासण्याची ओळ आधी निवडावी.

दुसरी पायरी सुरुवातीची. पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडतं, असं पुष्कळदा होतं. यंत्र चालू करताक्षणी एक ठरावीक कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९. मग पेनड्राइव्ह निवडा. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा आणि त्याच यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या. बहुतेक वेळा भांडण चित्र दाखवणाऱ्या कार्डाशी असतं.

तिसरी पायरी चाखून पाहण्याची. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं आणि आपण ‘इन्स्टॉल’ म्हणेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, ते इथेच पाहून घ्या. वाय-फाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट आलं की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून हवा तो ड्रायव्हर घेता येतो.

आणि आता सर्वांत मोलाची गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाने परवा इथवर सगळं नीट केलं. पुढच्या पडद्यावर प्रश्न आला, विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? तो ‘पुसून’वर बोट ठेवणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘थांब, आजोबांचे व्हिडिओ यातच आहेत ना?’ आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आवाज त्या एका यंत्रातच उरला होता. मुलाने ते काम तिथेच सोडलं, मिंटमधूनच विंडोजचा कप्पा उघडला आणि व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर घेतले.

पुसलेलं परत मिळेलच असं नाही, बायांनो! रंगारी यायच्या आधी आपण खोलीतलं सामान बाहेर काढतो, तसंच हे. फोटो, बँकेचे कागद, मुलांचे दाखले दुसरीकडे न्या, आणि तिथे ते खरंच उघडतात का ते पाहा. विंडोजचा कप्पा उघडत नसेल, तर विंडोज पुरतं झोपलेलं नसतं. परत त्यात जाऊन शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करा. काही यंत्रांत डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा, आधीच वहीत उतरवून ठेवा.

बसवताना डिस्कच दिसेना झाली, तर इंटेलच्या यंत्रांत साठवणीची मांडणी आरएसटीवरून एएचसीआयवर न्यावी लागते. ती घाईने बदलली तर विंडोज सुरू व्हायला नकार देतं. इथे मात्र जाणकार माणसालाच बोलवावं.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा आणि काम संपल्याचा निरोप आला की पेनड्राइव्ह काढा. कीबोर्डच्या यादीत मराठीही आहे, ती जोडून घ्या. आणि दुकानदाराला सांगा, नव्या संगणकाचं पुढच्या दिवाळीला पाहू!